हत्तीआधीचे पंधरा थेंब

आमच्या घराण्यात एक हस्तिदंताचे शिकारी होऊन गेले, असं मी गेली तीसेक वर्षं लोकांना सांगत आले आहे. बाकीच्या मराठी घराण्यांत कीर्तनकार असतात, वकील असतात, फार तर एखादे नाटकवाले काका असतात. आमच्याकडे थेट आफ्रिका. हे शिकारी म्हणजे माझे पणजोबा, बाबांचे आजोबा. इथे इंग्लंडात आमच्या मराठी मंडळाच्या पिकनिकला किंवा कुणाच्या बार्बेक्यूला पाऊस आला, आणि पंचवीस माणसं भिजक्या बर्गरसह गॅरेजमध्ये अडकली, की कुणीतरी म्हणायचंच, "अगं, तुझी ती हत्तीची गोष्ट सांग ना." मी "नको गं, किती वेळा" असं म्हणायची. म्हणेपर्यंत माझी खुर्ची पुढे आलेली असायची.

गोष्ट अशी. पणजोबा कंपाउंडर. कोकणातून निघाले, मोंबासाला उतरले, रेल्वेच्या दवाखान्यात लागले. इथपर्यंत सगळं खरं, फोटो आहे. तिथं त्यांना एक गोरा साहेब भेटला. धंद्यानं हस्तिदंताचा शिकारी, म्हणजे हत्ती मारायचे, सुळे काढायचे आणि बंदरावर पाठवायचे, हाच त्याचा बारमाही उद्योग. त्यानं पणजोबांना औषधाच्या पेटीसकट आपल्या तांड्यात घेतलं. एके दिवशी साहेब तापानं फणफणलेला, समोर हत्ती उभा, आणि पणजोबांनी साहेबाची रायफल उचलली. डोळा आणि कान यांच्या मधोमध गोळी. एकच. हत्ती गुडघ्यांवर बसला, देवासमोर बसावा तसा. त्या दिवसापासून पणजोबा स्वतःच शिकारी.

"देवासमोर बसावा तसा" हे माझं. बाबांच्या गोष्टीत हत्ती नुसता पडायचा. मी त्याला बसवलं. शिवाय वाऱ्याची दिशा कळावी म्हणून शिकारी राखेची पुरचुंडी झटकून बघतात, लीद किती कोमट आहे त्यावरून हत्ती किती पुढे गेला ते ओळखतात, मेलेल्या हत्तीची शेपटी आधी कापून घेतात म्हणजे दुसरा कुणी हक्क सांगत नाही, हे सगळं मी आमच्या गावच्या, ब्रॅकनेलच्या लायब्ररीतून आणून पणजोबांच्या अंगावर घातलं. बाबांच्या काळात हत्ती अकरा होते. माझ्याकडे आल्यावर त्यांची पैदास झाली.

मग काळ बदलला. एका पिकनिकला एका मैत्रिणीची सहा वर्षांची मुलगी गोष्ट ऐकून हुंदके देऊन रडली. "बट व्हॉट डिड द एलिफंट डू?" असं तिनं विचारलं आणि गॅरेजमधली सगळी मोठी माणसं माझ्याकडे अशी बघायला लागली जणू मीच गोळी घातली. पुढच्या वर्षीपासून पणजोबांना पश्चात्ताप होऊ लागला. आधी थोडा, शेवटच्या दोन वाक्यांत. मग वाढत गेला. अलीकडे तर ते हत्तींच्या रक्षणासाठीच आफ्रिकेत गेले होते की काय, असं मलाही वाटू लागलं होतं.

ह्या सगळ्याला पुरावा म्हणून घरात एक वही होती. लाल कापडात बांधलेली, पणजोबांच्या हातची, मोडी लिपीतली. ती लीड्सला आईबाबांकडे असायची आणि वर्षातून एकदा, दसऱ्याला, बाहेर यायची. दसऱ्याला ज्यानं त्यानं आपापल्या हत्याराची पूजा करायची. आमच्या पाटावर बाबांचा लॅरिंगोस्कोप असायचा, म्हणजे घशात नळी घालताना जीभ उचलून धरायचं ते स्टीलचं हत्यार, कारण बाबा चाळीस वर्षं भूल देणारे डॉक्टर. शेजारी आईची शिवणाची कात्री. त्याच्याशेजारी माझा ऑफिसचा लॅपटॉप, ज्यावर फूल ठेवलं की एखादी मीटिंग सुरू व्हायची. आणि मधोमध, सगळ्यात मानाची, शिकाऱ्याची वही. हळद, कुंकू, अक्षता. ही पूजा इतकी वर्षं इतकी मनोभावे झाली, की पहिली चार पानं आता कुंकवानं वाचण्यापलीकडे गेली आहेत. वाचणार तरी कोण होतं? बाबांना शाळेत दोन वर्षं मोडी होती, पण त्यातलं त्यांना मास्तर आठवतात, अक्षरं नाहीत. त्यामुळे आमच्याकडे वही पूजायची पद्धत होती. वाचायची नव्हती. वाचन मी करायची. वही हातात धरून, पानं उलटत, तोंडानं माझ्या मनातलं.

आता बाबांविषयी. ते इथे आले तेव्हा हॉस्पिटलात त्यांचं आडनाव कुणाला उच्चारता येत नसे, आणि उच्चारायचा प्रयत्नही कुणी करत नसे. पहिल्या इंटरव्ह्यूत कुणी तरी विचारलं, "नर्व्हस?" बाबांनी सांगितलं, "माय ग्रँडफादर शॉट एलिफंट्स, सर." नोकरी मिळाली. हे वाक्य त्यांनी पुढे आयुष्यभर वापरलं. रात्रपाळीत, भांडणांत, बढती दुसऱ्याला मिळाली तेव्हा. आम्हां मुलांनासुद्धा. मी पोहायला घाबरले की "हत्ती मारणाऱ्याची पणती तू". ड्रायव्हिंग टेस्टमध्ये तिसऱ्यांदा नापास झाले तेव्हाही तेच. आमच्या घरात भीतीला शब्दच नव्हता. भूक लागली, झोप आली, राग आला, एवढंच माणसाला होऊ शकत असे.

आणि ह्या माणसाचा खुबा गेला. उजवा. दोन वर्षांपूर्वी ते काठी घेऊन चालायचे, मग दोन काठ्या, मग वॉकर. जिना बंद झाला म्हणून पुढच्या खोलीत पलंग आला. आंघोळ म्हणजे आठवड्यातला एक सोहळा. खुर्चीतून उठवायला आई लागायची, आणि आई एकोणऐंशीची, तिच्या मनगटाला पट्टा. ऑपरेशन करून नवा खुबा बसवायचा, एवढंच काम होतं. सगळं जग ते करून घेतं. बाबांनी स्वतः हजारो लोकांना त्या टेबलावर झोपवलेलं. "दहापासून उलटे आकडे मोजा, काही होत नाही," असं ते चाळीस वर्षं म्हणत आले.

हॉस्पिटलनं तारीख दिली. बाबा म्हणाले, सर्दी आहे. सर्दी नव्हती. दुसरी तारीख आली. बाबा म्हणाले, पाहुणे येणार आहेत.

"कोण पाहुणे?" आईनं विचारलं. "अहो, हत्तीवाले, मला तरी कळू द्या, कणीक किती भिजवू?"

"तू मध्ये बोलू नकोस."

"मध्ये नाही बोलत. तुम्हाला ओढून उभं करायचं असलं की बोलते."

मग तिसरं पत्र आलं. त्यात अगदी गोड इंग्रजीत लिहिलेलं होतं, की ही तारीखही नाकारली तर नाव यादीतून काढण्यात येईल आणि पुन्हा जीपीपासून, म्हणजे घरच्या डॉक्टरपासून, सुरुवात करावी लागेल. म्हणजे परत वर्षं. बाबांच्या वयाला वर्षं म्हणजे काय, ते पत्रात लिहिलेलं नव्हतं. दसऱ्यानंतरच्या सोमवारपर्यंत फोन करून हो किंवा नाही सांगायचं होतं. मी फोनवर बाबांना विचारलं, "बाबा, भीती वाटतेय का?" ते म्हणाले, "मला? गरज वाटत नाही." आणि फोन आईकडे दिला.

माझा बेत तयार होता. दसऱ्याला आम्ही सगळे लीड्सला जमणारच होतो. वही हातात घ्यायची आणि पणजोबांचं असं काही धैर्य वाचून दाखवायचं, की बाबांनी खुर्चीतूनच फोन उचलावा. मी ऑफिसात, सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या पगारी वेळात, एक नवा हत्तीही रचून ठेवला होता. जखमी, एकसुळ्या, चालून येणारा. पणजोबा जागचे हलत नाहीत.

तेवढ्यात एडिनबराहून माझ्या लेकीचा फोन आला. ती तिथल्या युनिव्हर्सिटीत जुन्या कागदपत्रांचं काम करते. इथेच जन्मलेली, इथेच वाढलेली. तिच्या मराठीत टेबल तो असतो, वही तो असतो, आजी कधीकधी तो असतो. पण ह्या मुलीनं पुण्यातल्या एका बाईंकडून दर रविवारी ऑनलाइन क्लास लावून मोडी शिकून घेतली होती, आणि गेल्या दसऱ्याला आम्ही जेवायला बसलो असताना पूजेतली वही उचलून तिच्या सगळ्या पानांचे फोनवर फोटो काढून नेले होते. मी ऑफिसच्या कार पार्कमध्ये सँडविच खात होते.

"आई, मी सगळं वाचला," ती म्हणाली. "तू बसली आहेस का?"

"गाडीत आहे. बोल."

"खापरपणजोबांनी एकपण हत्ती मारला नाही."

"एकही?"

"वन्स ही टच्ड द गन. साफ करायला. मग लिहिलंय, साहेबांनी रागावून परत घेतली."

मी सँडविच डॅशबोर्डवर ठेवलं. "मग वहीत आहे काय?"

"पाय."

"काय?"

"साहेबाचे पाय, आई. ब्लिस्टर्स. आणि पोट. रोज. आणि खापरपणजोबा रोज घाबरतात. लिटरली रोज. लिहितात पण, 'मला भय वाटते.' इट्स अमेझिंग. मी दसऱ्याला आजोबांना वाचून दाखवते."

"खबरदार," मी म्हणाले.

मग मी तिला समजावलं. आजोबांचा ऑपरेशनचा प्रश्न आहे, आजी थकली आहे, सोमवारची मुदत आहे. हा माणूस आयुष्यभर त्या हत्तीवर उभा आहे, आणि तू नेमकी ह्या आठवड्यात हत्ती काढून घेतेस? थोडं मागेपुढे करून वाच. जिथं "भय वाटते" आहे तिथं "भय नाही" वाच. एका शब्दाचा तर फरक.

"आई, दॅट्स फॅब्रिकेटिंग अ सोर्स."

"ही गोष्ट आहे."

"तो वही आहे," ती म्हणाली.

शेवटी तह झाला. ती फक्त पायांचं वाचेल. चालणं, मजल, पाऊस. चालणं आजोबांना चालेल. हत्तीचा भाग आला की मी खोकेन आणि वही माझ्या हातात येईल.

आमचा दसरा शनिवारी येतो, कॅलेंडरमध्ये तो कधीही असो. आईनं पाट मांडला. लॅरिंगोस्कोप, कात्री, लॅपटॉप, वही. बाबांना वॉकरवरून पाटापर्यंत आणायला आम्ही तिघी लागलो. पूर्वी ते नमस्काराला वाकायचे, ह्या वेळी त्यांनी उभ्यानंच हात जोडले, आणि परत खुर्चीत बसताना तोंडातून जो आवाज निघाला तो खोकल्यात लपवला. आईनं माझ्याकडे पाहिलं. मी सुरुवात केली.

"तर बाबा, ह्या वर्षी एक नवीनच पान सापडलंय. एकसुळ्या हत्ती..."

"तू थांब," बाबा म्हणाले. "हिला वाचता येतं म्हणे. पन्नास वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी येतं. तिला वाचू दे."

लेकीनं वही उघडली. वाचायला लागली तेव्हा तिचा आवाज वेगळाच लागला. बोलताना अडखळणारी मुलगी, पण त्या जुन्या मराठीत तिला एकही चूक करायला वाव नव्हता, सगळं पणजोबांनीच लिहून ठेवलेलं.

"मजल सात कोस. साहेबांचे पाय धुतले. उजवे टाचेस फोड दोन. डावे अंगठ्याचे नख गेले. हत्ती नाही." पान उलटलं. "मजल आठ कोस. पाऊस. टाचेचे फोड फुटले. हत्ती नाही." परत पान. "मजल सहा कोस. जुनी लीद. हत्ती नाही."

असं अकरा दिवस. माझ्या गोष्टीत दर पाच मिनिटांनी हत्ती यायचा. आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "एवढं चालायचं आणि हत्ती नाहीच? ह्याला धंदा म्हणायचा?"

"बहुतेक चालणंच होतं, आजी," लेक म्हणाली. "महिनोन्महिने. हत्ती म्हणजे मध्ये मध्ये."

मी खोकले. कारण पुढचं पान हत्तीचं, हे लेकीनं मला आधीच सांगितलं होतं. लेकीनं माझ्याकडे पाहिलं, वही माझ्याकडे सरकवली. मी ती हातात घेतली आणि म्हणाले, "आणि मग बाराव्या दिवशी समोर एकसुळ्या..."

"तुझ्या हातात वही उलटी आहे," बाबा म्हणाले.

खरंच उलटी होती. मला ते कळलं नसतं, अजूनही कळत नाही. पण चार अक्षरं आठवायला बाबांना मास्तरांची छडी पुरली असावी. वही परत लेकीकडे गेली. आता खोकण्यात अर्थ नव्हता.

"आज हत्ती," तिनं वाचलं. "साहेबांस पहाटेपासून जुलाब. प्रत्येक हत्तीआधी होतात. हे कोणास न सांगणेबद्दल मला शपथ घातली आहे. नाडी एकशे तीस. हात कापत होते. अफूचा अर्क पंधरा थेंब दिला. साहेब म्हणाले, आज जात नाही, ताप आला म्हणून सांग. ताप नव्हता. मी त्यांस म्हणालो, त्या झुडपापर्यंत चलावे, तेथून परत येऊ. झुडपापाशी गेल्यावर पुढील झुडूप दाखविले. असे सात वेळा. नंतर साहेब एकटे गेले. मी झाडावर चढलो. मला फार भय वाटले. बार ऐकू आला. उतरण्यास हमालांनी मदत केली."

आईच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली. मी मनातल्या मनात ऑपरेशनची तारीख, यादी, पुढच्या हिवाळ्यातली आंघोळ, आईचं मनगट, सगळ्यावर पाणी सोडलं.

"पुढे?" बाबा म्हणाले.

लेकीनं पानावर हात ठेवला. "पुढे वाईट आहे, आजोबा."

"वाच."

"सुळे दोन. दोन माणसांचे ओझे एकेकाने उचलले. एकाचे खांद्याचे हाड दिसू लागले. मलम संपले. चौथे दिवशी तो गेला." इथे पणजोबांनी त्या माणसाचं नाव लिहिलं होतं, ते तिनं वाचलं, सावकाश, नीट. "साहेबांनी विचारिले, आता सुळा कोण उचलणार."

माझ्या गोष्टीत, बाबांच्या गोष्टीत, इतक्या वर्षांत ते सुळे कुणी उचललेच नव्हते. ते आपोआप मोंबासाला पोचायचे.

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला वाटलं आता ते म्हणतील, वही बांधा. पण त्यांचा चेहरा दुखावलेला नव्हता. तो चेहरा मी लहानपणी पाहिलेला होता. हॉस्पिटलातून दुसऱ्या डॉक्टरचा फोन आला की असा व्हायचा.

"पंधरा थेंब?" ते म्हणाले. "जुलाबाला ठीक आहे. पण बंदूक धरणाऱ्या माणसाला? झोपला कसा नाही तो?"

"नाडी एकशे तीस होती," लेक म्हणाली.

"म्हणून पचले. घाबरलेल्या पेशंटला नेहमी जास्त लागतं." मग, "ते झुडपाचं पुन्हा वाच."

तिनं पुन्हा वाचलं.

"म्हातारा भूलवाला होता की," बाबा म्हणाले. "कंपाउंडर कसला! मीपण हेच करायचो. ऑपरेशनचं बोलायचंच नाही. फक्त ट्रॉलीवर बसा. फक्त हात द्या. फक्त दहा मोजा." ते हसले, आणि हसताना खुबा दुखला म्हणून मध्येच थांबले. "आणि मी सगळ्यांना काय सांगत बसलो? रायफल."

आईनं भाजी बाजूला ठेवली. तिनं जे विचारलं ते मी दोन वर्षांत नीट विचारू शकले नव्हते. माझ्या प्रश्नांत नेहमी उत्तरही असायचं, तिच्या प्रश्नात नव्हतं.

"अहो, तुम्हाला कसली वाटते?"

बाबांनी पाटावरच्या लॅरिंगोस्कोपकडे पाहिलं. मला वाटलं, आता "मला?" येणार. आलं नाही.

"मरायची नाही," ते म्हणाले. "मी डोक्याच्या बाजूला बसायचो ना. माझ्या वयाची माणसं बघितली आहेत मी. चांगली हुशार. झोपवायच्या आधी क्रिकेटचा स्कोअर सांगायची. ऑपरेशन फर्स्ट क्लास. आणि उठल्यावर बायकोला विचारायची, तू कोण. काहींचं दोन दिवसांत जायचं. काहींचं नाही गेलं. मी त्यांच्या बायकांना सांगायचो, वयामुळे होतं, वाट बघा. आणि पुढच्या पेशंटकडे जायचो." ते आईकडे बघत नव्हते. "उठल्यावर मी कोण असेन, ते मला माहीत नाही. त्याची वाटते."

आई म्हणाली, "विचारलंत तर सांगेन मी कोण ते."

"रोज विचारलं तर?"

"रोज सांगेन. आत्ता तरी रोज काय वेगळं करते? चष्मा कुठे, गोळी कुठे, रिमोट कुठे. त्यात आणखी एक."

लेकीनं नाक ओढलं. मी काहीच केलं नाही, आणि मला वाटतं त्या दिवसातलं माझं तेवढंच चांगलं काम.

मग लेकीनं विचारलं, पूर्ण झोपवतातच का नेहमी? बाबा म्हणाले, नाही, पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचं बधिर करता येतं, माणूस जागा राहतो. त्यानंही सगळी खात्री नसते, पण त्यांना ते जास्त पटतं. ऑपरेशनआधीच्या तपासणीच्या वेळी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तेच सुचवलं होतं. बाबांनी उडवून लावलं होतं.

"का?"

"कारण जागं राहिलं की ऐकू येतं. तो सुताराचा कारखाना असतो गं. करवत, हातोडा. स्वतःच्या हाडावर. आणि त्या पोरीनं मला विचारलं, 'वुड दॅट बॉदर यू?' मी काय सांगितलं असेल?"

आम्हा तिघींना ते वाक्य पाठ होतं. कुणी म्हणालं नाही.

सोमवारी मी सुट्टी काढून लीड्सलाच राहिले. लेकीची एडिनबराची ट्रेन दुपारची होती. नाश्ता झाल्यावर बाबांनी फोन मागितला. मी म्हणाले, "मी करते ना बाबा, तुम्ही बसा." ते म्हणाले, "बसलेलोच आहे." फोन स्पीकरवर ठेवून ते बत्तीस मिनिटं हॉस्पिटलचं होल्डवरचं व्हायोलिन ऐकत राहिले. मध्ये दोनदा मला वाटलं, आता ठेवतात. एकदा त्यांचा अंगठा लाल बटणापर्यंत गेलाही. लेकीनं त्यांना पाण्याचा ग्लास दिला आणि म्हणाली, "आजोबा, फक्त ती बाई हॅलो म्हणेपर्यंत."

बाई हॅलो म्हणाली. आवाजावरून पन्नाशीची, अस्सल यॉर्कशरची. तिनं जन्मतारीख विचारली, पत्ता विचारला, आणि म्हणाली, "सो आर वी कमिंग, लव्ह, ऑर आर वी नॉट?"

"वी आर कमिंग," बाबा म्हणाले. आईनं टेबलाची कड धरली.

"लव्हली."

"वन मोअर थिंग. भूल देणाऱ्या डॉक्टरांसाठी निरोप लिहून घ्या." हे ते इंग्रजीत, त्यांच्या जुन्या वॉर्डातल्या आवाजात बोलले. पाठीतलं इंजेक्शन चालेल. गुंगीचं औषध कमीत कमी. कानावर हेडफोन लावायची परवानगी हवी, आतमध्ये काय वाजवायचं ते माझी नात ठरवेल. "आणि लिहा, पेशंट घाबरलेला आहे."

"आय'ल पुट 'अ बिट अँक्शस'," बाई म्हणाली. कीबोर्डचा आवाज आला.

"नो. नॉट अ बिट."

कीबोर्ड थांबला. पलीकडे कुठेतरी दुसरा फोन वाजत होता. बाबांनी घसा साफ केला आणि तो शब्द पुन्हा सांगितला, फ्रायटन्ड, वॉर्डात रक्तगट सांगावा तसा स्पष्ट.

"राइट," बाई म्हणाली, आणि तिनं लिहिलेलं वाचून दाखवलं. "पेशंट इज फ्रायटन्ड. रिटायर्ड अनेस्थेटिस्ट."

"करेक्ट," बाबा म्हणाले. "इन दॅट ऑर्डर, प्लीज."

मग त्यांनी तारीख आणि वेळ तिच्याकडून दोनदा वदवून घेतली, फोन ठेवला, आणि आईला कॅलेंडर भिंतीवरून काढून मांडीवर द्यायला सांगितलं. तारीख त्यांनी आधी पेन्सिलीनं लिहिली, मग पेनानं गिरवली.